वरच्या मजल्यावरच्या कुंड्या

बुलढाण्यात मी वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली तेव्हा आधीच्या भाडेकरूंनी मागं ठेवलेल्या वस्तूंत एक झिजलेला झाडू, मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रंगाचा डबा होता. डब्यात माती होती, मातीला भेगा पडल्या होत्या, आणि मधोमध मनीप्लांटची वीतभर काडी उभी होती. काडीला एकच पान, तेही कडेनं पिवळं पडलेलं.

घरमालकीण काकू खालच्या मजल्यावर एकट्याच राहत. किल्ली द्यायला त्या जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आल्या, वर आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. खालूनच त्यांनी सांगितलं, "खिडकीतलं थे झाड फेकून द्या बाई, मेलं हाय."

"हो, टाकते," मी म्हटलं.

टाकायचं राहून गेलं. कचरागाडी सकाळी मी कामावर निघाल्यावर यायची, आणि मातीनं भरलेला तो जड डबा उचलून नाक्यापर्यंत नेण्याचा कंटाळा. मेथी निवडून धुतली की ते पाणी मी मोरीत ओतण्याऐवजी त्या डब्यात ओतायला लागले, कारण डबा मोरीपेक्षा जवळ होता. झाड जगवावं असं काही माझ्या मनात नव्हतं.

माझं माहेर साखरखेर्ड्याकडचं. शेतीवाडीचं घर. लग्न झालं, काही वर्षांत मोडलं, आणि मी आईजवळ परत आले. लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला होता, म्हणून चिखलीच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. रोज एसटीनं जायची-यायची. संध्याकाळी बस उशिरा आली तरी आई ओट्यावर बसून असायची. आई गेली आणि घर भावाचं झालं. तो चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. मला कोणी जा म्हटलं नाही. पण एक दिवस संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर ओटा रिकामा, दार लोटलेलं, आत टीव्ही चालू, आणि मी आलेली कोणाला कळलंही नाही. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. जेवताना मला वाटलं, आता आपण कुठंही राहिलो तरी सारखंच. बुलढाण्याला एका लॅबमध्ये जागा होती, ती मी घेतली.

सारखं नव्हतं, हे खोलीत राहायला लागल्यावर समजलं. गावात घरात कोणी बोललं नाही तरी आवाज असतात. इथं सगळे आवाज माझेच. कुलूप उघडल्याचा, बादली सरकवल्याचा, छोट्या कुकरच्या शिट्टीचा. एका माणसाची डाळ शिजवायला किती घ्यायची ते मला कितीतरी दिवस जमलं नाही. उरायची, मग सकाळी तीच खायची. लॅबमध्ये दिवसभर बोलणं व्हायचं, पण ते "मूठ आवळा, आता सोडा, कापूस दाबून धरा" असं. रविवारी लॅब बंद. शनिवारी संध्याकाळी वाण्याला "साखर द्या" म्हटलं की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका सोमवारी दूधवाल्याला "उद्या नको" म्हणायला गेले तर घशातून नुसती खरखर आली. त्यानं विचारलं, "सर्दी झाली का ताई?" मी हो म्हटलं.

त्या काडीला नवं पान आलं ते मला आधी दिसलंच नाही. एका रविवारी खिडकीची जाळी पुसत होते. काडीच्या टोकाला हिरवी सुरळी दिसली, कागद घट्ट गुंडाळून ठेवावा तशी. मी हळूच बोट लावलं. "अगं बाई, तू जिवंत आहेस का?" मी मोठ्यानं बोलले. त्या खोलीत मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं. लाज वाटून मी मागं वळून पाहिलं, जसं काही तिथं कोणी असणार होतं.

सुरळी उलगडायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी लॅबमधून जरा लवकर निघायला लागले. घरी काहीतरी घडत होतं, ते बघायचं होतं. लोकांच्या घरी मुलांचे निकाल लागतात, पाहुणे येतात, भांडणं होतात. माझ्या घरी एक पान उघडत होतं. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण होतं.

त्यानंतर झाडं वाढत गेली. धाड गावच्या बाजाराला लॅबमधली एकजण भाजी आणायला जायची, तिच्यासोबत मीही जीपनं गेले. तिथं एक बाई मिरची-वांग्याच्या रोपांसोबत शोभेची झाडंही विकायला ठेवायची. तिच्याकडून पानओवा आणि एक जास्वंद आणली. कोरफड कोणाच्या तरी कुंपणातून आली. तुळस आणली, गवती चहा आणला. तेलाचे डबे, फुटके टब, आईसक्रीमचे डबे, जे मिळेल त्यात लावलं. खोलीला लागून रस्त्याच्या बाजूला अरुंद गॅलरी होती, तिच्या कठड्याशी ओळीनं मांडलं. मनीप्लांट मात्र आतच राहिला. खिडकीच्या गजांवरून तो दोरीनं फडताळाकडे वळवला.

दिवाळीला भाऊ फराळाचा डबा घेऊन आला. गॅलरीत उभा राहून तो हसायलाच लागला. "घरी एवढं वावर पडलंय अन् तू इथं डबड्यात माती भरून बसली? हे खायच्या कामाचं आहे का काही?"

"ओवा आहे. चहाची पात आहे."

"अन् हे?" त्यानं आत येऊन मनीप्लांटची वेल धरली.

"ते असंच आहे."

त्याला ते पटणं शक्य नव्हतं. आमच्या घरात झाड म्हणजे पीक. ज्याला दाणा नाही, शेंग नाही, बोंड नाही ते तण, आणि तण दिसलं की उपटायचं, हे आम्ही दोघंही लहानपणी एकाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर शिकलो होतो. आमच्या घरात कधी कोणी कुंडी ठेवली नाही. सगळं हिरवं बाहेर होतं आणि त्याच्यासाठी दिवसभर राबायचं होतं. घरी आल्यावर कोणाला पुन्हा हिरवं बघायची हौस नसायची. मला त्याचा राग आला नाही. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला आणि मी त्यानं धरलेली वेल पुन्हा दोरीवर नीट बसवली.

घरमालकीण काकूंचा आणि माझा संबंध त्या गॅलरीमुळंच यायचा, आणि तो भांडणाचा. गॅलरीच्या बरोबर खाली त्यांचं अंगण. सगळ्या अंगणात फरशी घातलेली, गुळगुळीत, कडेपर्यंत. तिथं त्यांची दोरी, तिच्यावर लुगडी, आणि उन्हाळ्यात खाटेवर कुरडया, पापड. मी सकाळी झाडांना पाणी घातलं की डब्यांच्या भोकांतून ते झिरपायचं आणि गॅलरीच्या कडेवरून थेंब थेंब खाली पडायचं.

"ओ बाई! पाणी पडून राह्यलं!"

"सॉरी काकू, थांबवते."

"काय थांबवता? रोजचंच झालं हे! धुतलेल्या लुगड्यावर मातीचं पाणी!"

मी वाकून बघायची. त्या कमरेवर हात ठेवून वर बघत उभ्या असायच्या. डब्यांखाली ठेवायला प्लास्टिकच्या ताटल्या आणीन म्हणून मी दर वेळी कबूल करायची आणि दर वेळी विसरायची. त्या माझ्या आईच्या वयाच्या, जळगाव जामोदकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. एवढं मला शेजारणींकडून कळलं होतं. एका छताखाली आम्ही दोघी एकट्या राहत होतो, एक वर आणि एक खाली, आणि एकमेकींशी बोलायचो ते फक्त पाणी पडल्यावर.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला. अंगदुखीचा साधा ताप असेल म्हणून मी लॅबला फोन करून सुटी सांगितली. "आराम करा मॅडम," पलीकडून म्हणाले. गोळी घेतली आणि पडून राहिले. ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उठून पाणी प्यायला गेले तर भिंत धरावी लागली. फोन चार्जिंगला लावायचं सुचलं नाही, तो बंद पडला. पुढचं मला नीट आठवत नाही. खिडकीतून उजेड यायचा आणि जायचा. तहान लागायची, पण माठापर्यंतचं अंतर फार वाटायचं. लॅबमध्ये मी रोज दुसऱ्यांच्या रक्तातला टायफॉईड शोधत होते, आणि मला स्वतःला काय झालं असेल हे मनातसुद्धा आलं नाही. मनात एवढंच यायचं की आपल्याला कोणी शोधायला येण्यासारखं कारण नाही. लॅबला वाटेल मी सुटीवर आहे. भाऊ फोन करतो तो सणाला.

मग दार वाजलं. आधी हळू, मग जोरात.

"बाई! ओ बाई! दार उघडा! हाय का घरात?"

काकूंचा आवाज होता, आणि तो खालून नव्हता, दाराच्या पलीकडून येत होता. मी भिंतीला धरून, मग बसून सरकत दारापर्यंत गेले आणि कडी काढली. काकू जिन्याच्या कठड्याला टेकून धापा टाकत उभ्या होत्या.

"अवं माय!" मला बघून त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

त्यांनी मला आधी पाणी पाजलं, थोडं थोडं, वाटीनं. गॅलरीतून ओरडून समोरच्या दुकानवाल्याला ऑटो बोलवायला सांगितलं. ऑटोत त्यांनी माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं. त्यांच्या लुगड्याला उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास येत होता. मी विचारलं, "तुम्ही वर कशा आल्या काकू?"

"तुमच्या झाडायचं पाणी नाई पडलं ना खाली," त्या म्हणाल्या. "काल नाई पडलं. आज नाई पडलं. लुगडं कोरडंच्या कोरडं वाळलं. मले वाटलं, बाई गावाले गेली. पण जाताना तुम्ही कुलूप हलवून पाहता, थ्या कडीचा आवाज येते मले. थो तं आला नाई. मंग म्या म्हटलं, पाह्यलंच पायजे."

मी डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात भरती करताना नर्सनं काकूंना विचारलं, "नातेवाईक कोण?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोनाले फोन करू? सांगा नंबर." मला कोणाचाच नंबर आठवेना. ताप होता म्हणून, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण त्या क्षणी मला खरंच सुचत नव्हतं की कोणाला कळवायचं. बऱ्याच वेळानं भावाचं नाव निघालं. काकूंनी माझा फोन दवाखान्यातच चार्जिंगला लावून घेतला आणि त्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, खाटेजवळ बसला, मोसंबी सोलून दिली, डॉक्टरांशी बोलला. शेतात सोयाबीन सोंगायला, कापणीला आलं होतं. मीच त्याला जा म्हटलं. तो दारातून दोनदा मागं वळला.

टायफॉईडच निघाला. मी घरी आले तेव्हा काकूंनी वरची किल्ली स्वतःजवळ ठेवलेली होती. गॅलरीत बघते तर सगळी झाडं न्हालेली, माती चिखल झालेली. कोरफड बुडाशी कुजून आडवी पडली होती.

"तिले काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पाणी जास्त झालं काकू. तिला पाणी नको असतं."

"आता मले काय मालूम! मी तं रोज सकाळ-संध्याकाळ घातलं." त्या ओशाळल्या. मग गॅलरीच्या कडेला हात टेकून खाली अंगणाकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगू का तुले? तू दवाखान्यात होती नं, तं घर लय सुनं वाटे. मी वर येऊन पाणी घालू अन् खाली जाऊन बसू. थेंब पडाले लागले की बरं वाटे. वर कोनी हाय असं वाटे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांच्याही लक्षात आलं नसेल. माझ्या लगेच आलं.

अंगात ताकद आल्यावर मी पहिलं काम केलं ते बाजारातून ताटल्या आणायचं. एकेका डब्याखाली सरकवल्या. सकाळी काकू खालून ओरडल्या, "काय वं, आज पाणी नाई घातलं?" मी ताटल्यांचं सांगितलं. त्या जिना चढून वर आल्या, गुडघ्यावर हात दाबत, आणि स्वतः वाकून एकेक ताटली काढून कोपऱ्यात ठेवली. "पडू दे पाणी. मी दोरीच तिकडे सरकवते." आणि खरंच त्यांनी दोरी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला बांधून घेतली.

त्यानंतरचा हिवाळा माझ्या बुलढाण्यातल्या दिवसांतला सगळ्यात चांगला गेला. रविवारी काकू चहा घेऊन वर यायच्या, पातेल्यावर ताटली झाकून, आणि मी त्यात गवती चहाची पात टाकायची. गॅलरीत उन्हाला पाठ करून आम्ही बसायचो. त्यांच्या माहेरच्या अंगणातून सातपुडा दिसायचा, ते त्या सांगायच्या. इथं सासरी आल्यावर त्यांनीही अंगणात मोगरा लावला होता, पारिजात होता, आळूचा वाफा होता. मुलानं गाडी घेतली तेव्हा गाडी उभी करायला जागा हवी म्हणून सगळं काढून फरशी घातली.

"गाडी येते दिवाळीले," त्या म्हणाल्या. "दोन दिस राहते. मंग सालभर मी फरशी झाडते."

मी त्यांना कुंडी देऊ केली. त्या आधी नको म्हणाल्या, मग एकदा स्वतःच येऊन जास्वंदीची फांदी मागून नेली. तिच्या पहिल्या फुलाच्या दिवशी त्यांनी मला खालून हाक मारली. मी लॅबला निघाले होते, उशीर झाला होता, तरी थांबून बघितलं. लाल, साधं, पाच पाकळ्यांचं फूल होतं. काकू त्याच्याकडे असं बघत होत्या की मला उगाच वाटलं, आपण मध्ये उभं राहू नये.

मनीप्लांटचं एक बाटलीतलं रोप मी लॅबमध्ये नेऊन रक्त घ्यायच्या टेबलावर ठेवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, झाडांनी हवा शुद्ध होते. होत असेल. स्पिरिटचा वास तरी कमी झाला नाही. पण सुईकडे बघवत नाही ती माणसं त्या बाटलीकडे बघायला लागली. पाण्यात सुटलेली पांढरी मुळं दिसायची. खेड्यातून आलेली एक म्हातारी नस सापडेपर्यंत ते निरखत होती. तिनं विचारलं, "हे खातेत का?"

"नाही आजी."

"मंग याचा फायदा काय?"

मी सुई काढून कापूस दाबला. तेवढ्यात तीच म्हणाली, "सोबत होते म्हना." आणि उठून गेली.

फायदा कोणी विचारला की मला अजून ती आठवते. मी एकटी राहते, आणि झाडं ठेवल्यानं एकटेपणा गेला असं मी सांगणार नाही. तो आहे तिथंच आहे. पण सकाळी उठल्यावर पहिलं काम दुसऱ्या कोणासाठी करायचं असलं की अंथरुणात पडून छताकडे बघत राहता येत नाही. कोणती माती सुकली, कोणत्या पानाखाली पांढरी कीड लागली, डबा कुणीकडे फिरवला तर वेल सरळ येईल, याचा विचार करताना माणूस थोडा वेळ स्वतःला विसरतो. आणि आजारपणानंतर मी हेही बघितलं की माझ्या असण्याची बाहेर जी काही खूण होती, ती त्या डब्यांमधून गळत होती. बाकी माझ्या असण्या-नसण्यानं गल्लीत कोणाची दोरी हलली नसती.

त्याच्या पुढच्या वर्षी काकू अंगणात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा पुण्याहून आला आणि या वेळी त्यानं ऐकलं नाही. "आई, आता तू एकटी राहायचं नाहीस." त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येणार नाही. काकू दोन दिवस सामान काढत आणि परत ठेवत होत्या. निघताना मी त्यांना पानओव्याच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत दिल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करायला लावली. "जेवत जाजो," त्या म्हणाल्या. "ताप-गीप आला तं मले फोन करजो. लगेच करजो."

खालचं घर बंद झालं. मी सकाळी पाणी घालायची, थेंब फरशीवर पडायचे, आणि मी मुद्दाम खाली बघायची नाही.

काकू फोन करायच्या, दुपारी, मुलगा-सून कामावर गेले की. फ्लॅट खूप वर होता. खाली बघितलं की डोळे फिरतात म्हणायच्या. एकदा त्या फोनवर हसत सुटल्या. "काय झालं माहीत हाय का? इथं हॉलमंदी मोठ्या कुंडीत एक झाड हाय. पानं कशी चकचकीत! मी आली तशी रोज तांब्याभर पाणी घालून राह्यली. पाणी खाली फरशीवर ये, तं मी पुसून घेऊ. काल सून म्हने, आई, थे प्लास्टिकचं हाय!"

मीही हसले. दोघी बराच वेळ हसलो. पलीकडे लिफ्टची घंटी वाजल्यासारखा आवाज आला.

"ओवा लागला का?" मी विचारलं.

"खिडकीत ठेवला हाय ग्लासात. मुळ्या फुटल्या. माती नाई भेटत वं इथं. पोरगा म्हने, मागवून देतो ऑनलाइन. माती मागवून घ्या लागते इथं!"

माती आली. ओवा लागला. सून सुरुवातीला नाराज होती, मग तिच्या मुलाला खोकला झाला तेव्हा काकूंनी ओव्याच्या पानाचा काढा करून दिला, आणि तेव्हापासून सूनही त्या कुंडीला पाणी घालते, असं काकूंनी मला मोठ्या आनंदानं सांगितलं. मला आनंद झाला. थोडं दुखलंही. फोन त्यानंतर कमी व्हायला लागले, आणि ते चांगलंच होतं, हे मला कळत होतं.

मग घर विकायचं ठरलं. काकूंच्या मुलाचा फोन आला, तो नीट बोलला, खोली सोडायला वेळ दिला. त्याच संध्याकाळी काकूंचा आला. "म्या नाई म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी येनार हाय का आता तिथं?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्या नाक ओढत होत्या.

खोल्या बघायला लागले. एकट्या बाईला खोली देताना लोक जे विचारतात ते सगळं विचारून झालं, की मी कुंड्यांचं काढायची. एकीनं सरळ सांगितलं, स्लॅब ओला होतो, झाडं चालणार नाहीत. एका घरी गॅलरी होती पण दिवसभर सावली. शेवटी चिखली रोडला एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. मालक बाहेरगावी असतात. त्यांनी फोनवर विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, एक. "ठीक आहे," ते म्हणाले.

सामान छोट्या टेम्पोत बसलं. टेम्पोवाल्यानं पलंग, कपाट, गॅस चढवला आणि मग कुंड्यांची रांग बघून डोक्याला हात लावला. "मॅडम, तुमच्या संसारापेक्षा झाडंच जास्त हायेत." मनीप्लांटची वेल आता फडताळावरून दारापर्यंत गेली होती. ती मला कापावीच लागली. कापलेले तुकडे मी गल्लीतल्या बायकांना वाटले. इतकी वर्षं ज्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती त्या बायका पिशव्या घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. "पाण्यात ठेवायचं की मातीत?" "ऊन लागते का?" एकजण म्हणाली, "रोज तुमची गॅलरी पाहायची मी, पण कधी बोलणं नाही झालं." तिचं घर समोरच होतं.

नव्या घरात पहिला रविवार मी ऊन कुठून येतं ते बघण्यात घालवला. सकाळी स्वयंपाकघरात आलं, दुपारी बाहेरच्या खोलीत कोपऱ्यापर्यंत सरकलं, मग भिंतीवर चढून गेलं. मी त्याच्यामागं एकेक कुंडी उचलून ठेवत होते, पुन्हा हलवत होते. शेजारच्या दाराला कुलूप होतं. खाली दुकानांचे गाळे अजून रिकामे होते. जिन्यात कोणाच्या पावलांचा आवाज आला, वर गेला, थांबला. एक दार उघडून बंद झालं.

जास्वंदीला मनासारखी जागा मिळाली तेव्हा अंधारून आलं होतं. हाताची माती धुतली. एका माणसाची डाळ कुकरमध्ये लावली, आता मोजावी लागत नाही. शिट्टी होईपर्यंत मी दिवा न लावता गॅलरीच्या दारात उभी राहिले. रस्त्यावरून चिखलीकडे जाणारी एसटी गेली, आतले दिवे लागलेले, खिडक्यांतली माणसं घरी निघालेली.